घटस्फोटाचा दावा आणि छळ

घटस्फोटाचा दावा दाखल झाला की छळ थांबतो, असा आपला समज असतो. वस्तुतः निकालापर्यंतचा काळच अधिक कठीण. पती कचेरीच्या दारात उभा राहतो, धमकावतो, राहत्या घराला कुलूप ठोकतो. अशा वेळी स्त्रीने निकालाची वाट पाहत बसावे काय? मुळीच नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २६ प्रमाणे त्याच दाव्यात संरक्षणाचा व निवासाचा आदेश मागता येतो. संरक्षण आदेश मोडल्यास कलम ३१ अन्वये १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र प्रत्येक प्रसंगाची तारीखवार नोंद ठेवावी. पत्रे व निरोप जपावेत. न्यायालयात सोशिकपणा नव्हे, पुरावा उपयोगी पडतो.