घरात रेंज नाही, पण वायफाय आहे

प्रश्न : आमचं घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत, डोंगराच्या पोटाशी. घरात मोबाइलला रेंज नाही. फोन करायचा तर अंगणाच्या टोकाला फणसाखाली जाऊन उभं राहायचं, आणि पावसाळ्यात तेही जमत नाही. हल्ली घरात फायबरचं इंटरनेट आलंय. पुण्याची मुलगी म्हणते, ‘फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा, घरात बसून फोन लागेल.’ शेजारी म्हणतात, त्याचे पैसे वेगळे कापतात. व्हॉट्सॲपवर आम्ही मुलीशी बोलतोच, मग हे नवीन काय? बँकेचा ओटीपी घरात येईल का? आणि दुबईच्या मुलाला यावरून फुकट फोन करता येईल का?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : मुलीचं ऐका. वायफाय कॉलिंगला वेगळा पैसा पडत नाही, कुठलं ॲप लागत नाही, आणि समोरच्याच्या फोनमध्ये ही सोय असायलाच हवी असंही नाही. तुम्ही नेहमीसारखा नंबर फिरवायचा. समोर तुमचाच नंबर उमटतो. तालुक्याच्या कचेरीतला जुना लँडलाइन असो की भावकीतल्या कुणाचा बटणांचा फोन, दोन्हीकडे कॉल लागतो. तुमचा नंबर कुणी लावला, तर घरात रेंजची एक काडी नसतानाही तुमचा फोन वाजतो. व्हॉट्सॲपला यातलं काही जमत नाही. तिथे दोन्ही टोकांना व्हॉट्सॲप आणि इंटरनेट लागतंच.

खरा फरक मात्र आत आहे. व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये तुमच्या सिमकार्डाच्या कंपनीला काही काम नसतं. वायफाय कॉलमध्ये कंपनी पुरती हजर असते, नसतो फक्त टॉवर. फोन वायफायला जोडला गेला की तो इंटरनेटवरून आपल्या कंपनीचं एक दार गाठतो. तिथे ओळख पटवायची ती सिमकार्डानेच. ओळख पटली की फोन आणि ते दार यांच्यामध्ये एक कूटबद्ध वाट तयार होते. तंत्रज्ञ तिला बोगदाच म्हणतात, आणि कोकण रेल्वेवरच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाणाऱ्या तुमच्यासारख्यांना बोगद्याचं काम सांगायला नको : मधला डोंगर कुणाचा का असेना, गाडी आत शिरते ती पलीकडे आपल्याच रुळावर निघते. (फरक एवढाच की करबुड्यात शिरलं की रेंज जाते, आणि इथे बोगद्यामुळेच ती मिळते.) पलीकडे कॉल हाताळणारी यंत्रणा तीच, जी ४जीवरचा साधा कॉल, म्हणजे व्होल्टे, हाताळते. म्हणून रिचार्ज संपलं की वायफाय कॉलिंगही थांबतं. घरच्या वायफायवर व्हॉट्सॲप त्यानंतरही चालत राहील.

राउटर ज्याचा आहे त्याला या वाटेवरचं बोलणं ऐकता येत नाही. पण दाराच्या पलीकडे तो साधा फोन कॉल असतो, साध्या कॉलला जेवढी गुप्तता तेवढीच. व्हॉट्सॲपचं बोलणं या टोकापासून त्या टोकापर्यंत कूटबद्ध असतं.

शेजाऱ्यांची शंका कुठून आली असावी ते सांगतो. कॉलचा हिशेब तुमच्या नेहमीच्या प्लॅनमध्येच होतो. अमर्याद कॉलिंग असेल तर प्रश्नच नाही. आवाज वाहून नेणारा डेटा ब्रॉडबँडमधून जातो आणि तो मिनिटाला साधारण एक एमबीच्या आसपास असतो. अर्ध्या तासाच्या गप्पा म्हणजे फार तर एखादी छोटी व्हिडिओ क्लिप. मोबाइलच्या डेटाला तर हातही लागत नाही. मात्र आयएसडी कॉल हा वायफायवरूनही आयएसडीच राहतो. दुबईच्या मुलाचा तिथला नंबर या मार्गाने लावलात तर परदेशी कॉलचेच पैसे पडतील, आणि शेजाऱ्यांपैकी कुणाला असाच झटका बसला असेल. दुबईला व्हॉट्सॲपवरून बोलणंही सरळ नाही, कारण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपच्या व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलना मुभा नाही. तिथले आपले लोक बोटिमसारखी तिथे परवानगी असलेली ॲप वापरतात. मुलगा ज्यावर असेल तेच तुम्हीही घ्या. तुम्ही स्वतः तिकडे गेलात, तर भारतातलं सिम तिथल्या वायफायवर चालवण्याआधी कंपनीचे रोमिंगचे दर विचारून घ्या; प्रत्येक कंपनीची अट निराळी असते.

चालू कसं करायचं? अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या नेटवर्क किंवा सिमकार्डाच्या पानावर, आयफोनमध्ये मोबाइल नेटवर्कच्या पानावर ‘वायफाय कॉलिंग’ असं लिहिलेलं बटण असतं. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधाच्या चौकटीत तेच दोन शब्द टाका. व्होल्टेचं बटणही चालू हवं. दोन सिमं असतील तर प्रत्येकासाठी बटण वेगळं. एकाचं करून दुसऱ्याचं विसरणारे पुष्कळ. मग विमानातला मोड लावा, म्हणजे टॉवरचा संबंधच तुटेल, आणि फक्त वायफाय चालू करून मुलीला साधा फोन लावा. लागला तर काम झालं. बटणच दिसत नसेल तर फोन जुना आहे, किंवा त्या कंपनीसाठी त्या मॉडेलमध्ये ही सोय दिलेली नाही. आणि ‘वायफाय कॉलिंग चालू करून देतो, हे ॲप टाका’ असा कुणाचा फोन आला तर तो ठेवून द्या. यात ॲप नसतंच.

ओटीपीची कसोटीही याच अवस्थेत घ्या. एसएमएस कंपनीच्या यंत्रणेतून येतो, त्यामुळे वायफाय कॉलिंगची नोंद झालेल्या फोनवर तोही याच वाटेने येऊ शकतो. हँडसेट आणि कंपनी यांचा मेळ बसला असेल तर येतो. विमानातल्या मोडमध्येच कुणाला तरी साधा एसएमएस पाठवायला सांगा. आला तर बँकेचाही येईल. आणि तो आला, की फणसाखाली छत्री धरून ओटीपीची वाट बघणं एकदाचं संपलं.

आता दुखऱ्या जागा. फायबरचा वेग इथे फारसा महत्त्वाचा नाही. आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा पुरतात. आवाज तुटतो तो वाट अडल्याने. पडवीत बसून भाचा पाचशे फोटो कुठेतरी चढवत असेल, तर तुमचं ‘हॅलो’ त्यांच्या मागे रांगेत उभं राहतं. दुसरी अडचण घराबाहेर पडताना येते. बोलत बोलत तुम्ही माजघरातून अंगणात निघालात. राउटर मागे पडला, दोन जांभ्याच्या भिंती आडव्या आल्या, पण फोन त्या मरतुकड्या वायफायला चिकटूनच राहतो. समोरून ‘आवाज येत नाही’ सुरू होतं. फणसाखाली ४जी भरपूर असेल तर चालू कॉल न तुटता व्होल्टेवर सरकतो. तिथे फक्त २जी असेल तर तुटतो. म्हणून बोलताना राउटरच्या खोलीत थांबा, नाहीतर बोलणं संपवून बाहेर पडा.

तिसरी अडचण विजेची, आणि कोकणातल्या माणसाला ती समजावायला नको. लाइट गेली की राउटर गेला, राउटर गेला की कॉल गेला. टॉवरला बॅटऱ्या आणि जनरेटर असतात, तुमच्या भिंतीवरच्या डबीला नसतात. राउटरपुरता छोटा यूपीएस बाजारात मिळतो. तो घेतल्याशिवाय पावसाळ्यात घरचं वायफाय कॉलिंग भरवशाचं मानू नका. रात्रीबेरात्री ११२ लावायची वेळ आली, तर तुम्ही कुठे आहात हे तोंडाने नीट सांगा : गाव, वाडी, जवळची खूण. टॉवरवरून ठिकाणाचा जो अंदाज येतो, तो वायफायवर येईलच असं धरून चालू नका.

एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. रेंज अगदी कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जोर लावतो. ४जीत हा जोर जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॉटपर्यंत जातो. म्हणूनच कमी रेंजच्या घरात खिशातला फोन गरम होतो आणि दुपारपर्यंत बॅटरी बसते. वायफायवर त्याला तेवढा आटापिटा करावा लागत नाही.

फायबर नसलेल्यांसाठी : शेजारच्या फोनचा हॉटस्पॉट हाही वायफायच. एकाच कंपनीची रेंज येणाऱ्या वाड्यांमध्ये खिडकीत ठेवलेल्या एका फोनच्या हॉटस्पॉटवर आतल्या खोलीतल्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलता येतं.

हे सगळं आपल्याकडे आलं उशिरा. १ एप्रिल २००२पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण देशातल्या साध्या फोनशी ते जोडायची मुभा नव्हती. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१७मध्ये तशी मुभा देण्याच्या शिफारशी केल्या, जून २०१८मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी सुधारल्या. मग एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये दिल्ली परिसरातून सुरुवात केली, तीही आधी स्वतःच्या ब्रॉडबँडवरच. जिओ जानेवारी २०२०मध्ये आली, कुठल्याही वायफायवर. व्हीआयने डिसेंबर २०२०मध्ये पहिल्यांदा निवडली ती महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता ही मंडळं. बीएसएनएल सगळ्यांत मागून.

कंपन्या याला ग्राहकांची सोय म्हणतात. सोय आहेच. पण हिशेब जरा उलटा करून बघा : रिचार्जचे पैसे तुम्ही टॉवरच्या सेवेसाठी भरता, ब्रॉडबँडचे वेगळे भरता, वीज तुमची, राउटर तुमचा, आणि टॉवर न पोचल्याची उणीव त्यावर भरून निघते कंपनीची. उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये हे मी समजू शकतो. काँक्रीट आणि लोखंड लहरी अडवणारच. अख्ख्या वाडीला रेंज नसणं ही निराळी गोष्ट आहे.

तेव्हा वायफाय कॉलिंग आजच चालू करा, पण तक्रार सोडू नका. ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे लावावे लागतात. तुमची वाडी त्यात रंगवलेली असेल, तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. कंपनीच्या १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. उत्तराने समाधान झालं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्र घालून वेळ दवडू नका. वाडीतल्या दहा घरांनी आपापल्या नंबरवरून वेगवेगळ्या तक्रारी टाकल्या, तर एका अर्जावरच्या दहा सह्यांपेक्षा त्यांची दखल घेणं कंपनीला जास्त भाग पडेल.