चाकांवरच्या घरातली अकरा वर्षं

२०१४ च्या एप्रिलमध्ये आम्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला जाऊन एक जुनी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, विकत घेतली. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही याच भागातल्या कारखान्यांतून बाहेर पडतात, त्यामुळे तिथे वापरलेल्या गाड्याही मुबलक मिळतात. आमची २००६ सालची, २४ फुटी, ‘क्लास सी’ म्हणतात त्या प्रकारातली. पुढे ट्रकचं तोंड, ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला माळा, त्यात झोपायची जागा, आणि मागे ओटा, न्हाणीघर, पलंग. ओहायोत राहून आम्हाला तीस वर्षं होत आली होती, मुलगी नोकरीसाठी लांब गेली होती आणि हे नुकतेच निवृत्त झाले होते. तेव्हापासून ७२ हजार मैल झाले. ओळखीची मराठी मंडळी दर उन्हाळ्याच्या तोंडावर फोन करून विचारतात, “घ्यावी का हो आम्हीही?” त्यांना फोनवर जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. आमची गाडी गॅलनला आठ-नऊ मैल देते. म्हणजे ३०० मैलांच्या दिवसाला ३५ गॅलन पेट्रोल. त्यावर कॅम्पग्राउंडचं भाडं, विमा, हिवाळ्यात उभी करायच्या जागेचं भाडं, आणि दरवर्षी निघणारं काही ना काही काम. हिशेब मांडला तर साधं मोटेल स्वस्त पडतं. आम्ही गाडी ठेवली ती स्वतःची चादर, स्वतःचा ओटा आणि पहाटे दार उघडलं की समोर डोंगर, एवढ्यासाठी. तुम्हाला यासाठी हवी असेल तर जरूर घ्या, पण आधी आठवडाभर भाड्याने घेऊन राहा. शक्यतो पावसात राहा.

२. आधी छत बघा, मग बाकीचं. माझं माहेर राजापूरजवळचं. मृग लागायच्या आधी घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी गाडी घेताना आम्ही इंजिन पाहिलं, फ्रिज पाहिला, गादी दाबून पाहिली. शिडी लावून वर कोणी चढलं नाही. विकणाऱ्याने “छप्पर उत्तम आहे” म्हटलं, ते आम्ही मानलं. पहिल्याच जूनमध्ये माळ्यावरच्या गादीखाली हात घातला तर ओल लागली. कोपऱ्यातल्या प्लायवूडवर बोट दाबलं, तर ते भिजलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं. वरच्या दिव्याभोवतीचा सीलंट तडकला होता आणि पाणी किती वर्षं झिरपत होतं कोण जाणे. आतलं फळकूट काढलं तेव्हा मागची लाकडी चौकट काळी पडून भुसभुशीत झालेली दिसली. पंख्याने वाळवणं, कुजलेलं कापून काढणं, नवीन लाकूड बसवणं यात आमचा अख्खा उन्हाळा गेला.

क्लास सी गाड्यांचा हा माळा गळतीसाठी बदनाम आहे, हे मग समजलं. आता एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये मी स्वतः शिडी लावून चढते. एसी, पंखा, खिडक्या, कडेच्या पट्ट्या, जिथे जिथे छताला भोक पाडलं आहे तिथे बोट फिरवत जाते. केसाएवढी चीर दिसली तरी पुसून त्यावर नवीन सीलंट घालते. दोन तासांचं काम आहे. गाडी विकत घेताना एवढंच करा: कपाटांचे आतले कोपरे, माळ्याच्या कडा, खिडक्यांच्या खालची भिंत जोराने दाबून बघा. कुठे मऊ लागलं तर कितीही स्वस्त मिळत असली तरी परत फिरा.

३. टायरची नक्षी बघू नका, वय बघा. टायरच्या बाजूवर ‘डॉट’पासून सुरू होणारी अक्षरं-आकडे असतात. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला. आमच्या टायरवर १४०६ होतं, म्हणजे २००६ चा चौदावा आठवडा. आरव्ही वर्षातले बरेच महिने उभी असते, त्यामुळे नक्षी झिजत नाही आणि रबर मात्र आतून म्हातारं होत जातं. नेब्रास्कात इंटरस्टेट ८० वर मागचा आतला टायर फुटला. त्याच्या चिंध्यांनी खालचा पाइप तोडला आणि न्हाणीघराच्या जमिनीला तडा गेला. तेव्हा टायर आठ वर्षांचे होते, दिसायला नवेकोरे. आता सहा वर्षं झाली की सहाही टायर बदलतो.

४. ब्लॅक टँकला पाणी लागतं. हा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही, आणि नव्या माणसाला भीती वाटते ती नेमकी याचीच. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, सिंक-न्हाणीच्या पाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. कॅम्पग्राउंडवर ड्रेनचा पाइप जोडला की नवे लोक ब्लॅकची झडप उघडीच ठेवतात. मग पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी राहून त्याचा डोंगर वाळतो. झडप बंदच ठेवायची. टाकी दोन तृतीयांश भरली की हातमोजे घालून आधी ब्लॅक रिकामी करायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. इथले लोक फ्लश करताना पाणी वाचवतात आणि तिथेच त्यांचं बिघडतं. आपल्या पाणी वापरायच्या सवयीने आमची टाकी लवकर भरते, पण अकरा वर्षांत एकदाही तुंबलेली नाही.

वास खरं तर ग्रे टाकीला जास्त येतो, आणि त्याला आपला स्वयंपाक कारण असतो. तेलकट कढई सिंकमध्ये घालण्याआधी कागदाने कोरडी पुसून घ्या. ताटातला भाताचा कण न् कण कचऱ्यात टाका. आंघोळीचं म्हणाल तर गरम पाण्याची टाकी फक्त सहा गॅलनची, शॉवर सुरू केला की बघता बघता संपते. आम्ही बादली आणि तांब्या ठेवला आहे. दोन गॅलनमध्ये एकाची आंघोळ होते. वाळवंटात नळाशिवाय आठ-आठ दिवस राहता येतं ते त्या तांब्यामुळे.

५. दिवसाला ३०० मैल, दुपारी तीनच्या आत मुक्काम. पहिल्या वर्षी आम्ही घरून, ओहायोतल्या कोलंबसहून, तीन दिवसांत येलोस्टोन गाठलं. रोज सहाशे मैल. चौथ्या दिवशी दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि गीझर बघताना ह्यांचे डोळे मिटत होते. अंधारात अनोळखी जागी गाडी मागे घेण्याइतकं वाईट काही नाही. खांब दिसत नाही, फांदी दिसत नाही, आणि आजूबाजूचे झोपलेले असतात. उजेड असताना पोचा, चहा करा, मग पाण्याचा पाइप जोडा.

६. गाडीची उंची डोळ्यांसमोर चिकटवून ठेवा. आमच्या स्टिअरिंगवर चिठ्ठी आहे: ११ फूट २ इंच, आणि कॅनडासाठी खाली ३.४ मीटर. लांबीही लिहा. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या मधल्या अवघड टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. आमची तीन फूट जास्त. गाडी खाली ठेवून आम्ही पार्कच्या १९३० च्या दशकातल्या लाल बसमधून गेलो. कापडी छत मागे सरकवतात त्या बसचं, वर मोकळं आभाळ. ह्यांना पहिल्यांदाच एखादा घाट रस्त्यावरची नजर काढून बघता आला. बोगद्यांचे नियम वेगळेच: बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून प्रोपेनची टाकी असलेली आरव्ही नेता येत नाही. पूर्वी तिथल्या ‘की ब्रिज’ या पुलावरून जाता यायचं. २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून तो पडला, तेव्हापासून पश्चिमेकडून मोठा वळसा आहे. कारसाठी बनवलेला फोनवरचा नकाशा यातलं काही सांगत नाही.

७. ३० अँपिअर म्हणजे ३,६०० वॅट, बस्स. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की गाडीचा ब्रेकर ट्रिप होणार. कोणतं बंद करून कोणतं लावायचं हे आठवड्यात अंगवळणी पडतं. कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला प्लग लावण्याआधी व्होल्टेज तपासणारं यंत्र मात्र घ्याच. जुलैत सगळ्यांचे एसी चालू असले की जुन्या कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज पार खाली येतं आणि एसीचा कॉम्प्रेसर जळतो.

८. अलार्मची बॅटरी काढू नका. फोडणी घातली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो, आणि वैतागून लोक बॅटरी काढतात. फोडणीच्या आधी पंखा लावा, खिडकी उघडा, तेल कमी तापवा. दुसरा अलार्म जमिनीलगत असतो, तो प्रोपेनचा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. कॅन्ससमध्ये एका रात्री तो वाजला. ह्यांना वाटलं बॅटरी संपत आली असेल. मी म्हटलं, “अहो, आधी बाहेर चला.” ह्यांनी दार सताड उघडलं, बाहेरून टाकीचा कॉक बंद केला, आणि आम्ही पांघरुणं घेऊन टेबलावर बसून राहिलो. सकाळी साबणाचं पाणी घेऊन शेगडीमागच्या जोडांवर लावत गेलो, तर एका जोडावर हळूहळू बुडबुडे येऊ लागले. रस्त्याच्या हादऱ्यांनी नट सैल झाला होता. आता प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला साबणाचं पाणी लावतोच.

आणि प्रेशर कुकर बरोबर घ्या. येलोस्टोनच्या तळ्याकाठी, पावणेआठ हजार फुटांवर, पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं. पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा दाणा राहते. तिथल्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडवर ग्रिझली अस्वलांमुळे तंबूला परवानगीच नाही, फक्त कडक भिंतींच्या गाड्या. स्वयंपाक आत, खरकटं आत, कुकरही आत.

९. निघताना कुणाशी बोलू नका. वीज, पाणी, ड्रेन, पायरी, खिडक्या, छतावरचे पंखे, चाकांखालचे ठोकळे. आमची यादी १९ ओळींची आहे आणि दोघंही ती वेगवेगळी तपासतो. दोनदा काहीतरी राहिलं, आणि दोन्ही वेळा शेजारी निरोप घ्यायला आला होता. निरोप आदल्या संध्याकाळी घ्या.

१०. ६२ वर्षं पूर्ण झाली की ८० डॉलरचा सीनियर पास काढा. नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतो, जन्मभर चालतो, नॅशनल पार्कचा प्रवेश त्यात येतो आणि बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं पडतं. पश्चिमेकडे केंद्राच्या बीएलएम खात्याच्या मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटजवळ तर एकदा भाडं भरलं की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सबंध हिवाळा. नळ दाराशी नाही, वीज नाही, पण थंडीही ओहायोसारखी नाही.

११. दोघांनाही सगळं आलंच पाहिजे. सुरुवातीची पाच वर्षं आमची वाटणी ठरलेली होती: गाडी ह्यांची, ओटा माझा. २०१९ च्या जानेवारीत न्यू मेक्सिकोत डेमिंगच्या बाहेर वाळवंटात मुक्कामाला होतो. रात्री दोन वाजता ह्यांच्या पाठीतून कळ आली, मुतखड्याची. फोनला रेंज नव्हती. गाडीची किल्ली माझ्या हातात होती आणि मला ती चालवता येत नव्हती. पाव मैलावरच्या ट्रेलरचं दार वाजवलं, तर तिथल्या आजोबांनी पायजम्यावरच ट्रक काढला. हॉस्पिटलमध्ये आम्ही कुठे उतरलो आहोत हे विचारलं, तर मला रस्त्याचं नावही सांगता येईना. दोन दिवस आमचं घर वाळवंटात एकटं उभं होतं, कारण ते हलवणारं कुणी नव्हतं.

घरी परतल्यावर रविवारी सकाळी जवळच्या कॉलेजच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकायला सुरुवात केली. या वजनाच्या गाडीला साधा परवाना चालतो, पण वळताना मागचा भाग किती बाहेर फेकला जातो ते अंगात मुरायला वेळ लागतो. ह्यांनी प्लास्टिकचे शंकू मांडले. पहिल्या दिवशी मी चार पाडले, तिसऱ्या रविवारी एकही नाही. उताराला ब्रेक दाबून न धरता खालच्या गिअरमध्ये उतरायचं, आरशात मागचा माणूस दिसेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं. त्याच उन्हाळ्यात हे वरण-भात, पिठलं आणि बटाट्याची भाजी शिकले. आता कुठेही पोचलो की जागेचे अक्षांश-रेखांश आणि जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता कागदावर लिहून दाराला लावतो.

पुढच्या हिवाळ्यात फिनिक्सपासून क्वार्टझसाइटपर्यंतचे सव्वाशे मैल मी गाडी नेली. हे शेजारी मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. सकाळी डबा घेऊन आम्ही आजूबाजूच्या बारा गाड्यांची दारं वाजवली.