वळचणीचा कप

पालकांनो, आधी एक कबुली देते. परवा नात वर्गातल्या नव्या मैत्रिणीचं कौतुक सांगत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आडनाव काय गं तिचं?" उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, तरी निघालंच.

त्या रविवारी नातीला कसबे तडवळ्याला नेलं. आपल्या धाराशिव तालुक्यातलंच गाव. 1941 साली 22 आणि 23 फेब्रुवारीला तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती. बाबासाहेब आले होते. ते मुक्कामाला होते त्या शाळेपुढे नातीने विचारलं, "वतन म्हणजे जमीन ना? मग नको कशाला?" मी सांगितलं, जमिनीचा तुकडा नावाला, बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावाची चाकरी. निरोप पोचवा, मेलेलं जनावर ओढा, साहेब आला की दिवसभर हजर राहा. पोर जन्मलं की त्याचं काम ठरलेलं. हे थांबावं म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. ही वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 मध्ये. तो पाहायला ते राहिले नव्हते.

ती बोटं मोजत राहिली. "तीस वर्षं?"

परतताना एसटीत तिला जे सांगितलं, ते तिच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या माहेरी वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असायचा. खुरपायला येणाऱ्या मावशी तो स्वतः काढायच्या, वरून ओतलेला चहा घ्यायच्या, विसळून परत खोचायच्या. वतनं जाऊन तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. मी त्यांना मावशी म्हणायचे, पण त्या कपाबद्दल कुणाला काही विचारलं नाही.

आपण मुलांना 14 एप्रिलचं भाषण पाठ करून देतो आणि घरातला कप लपवतो. कशाला उकरायचं, असं वाटतं. पण तो कप ठाऊक नसेल, तर 1928 काय नि 1958 काय, मुलांना परीक्षेपुरती सालं. तुमच्यातले काही त्या कपातून चहा प्यायलेल्या घरांतले असतील. तुमचं सांगणं फार जड आहे. ते केव्हा सांगायचं, हे तुम्हीच ठरवा. मी बोलतेय ते कप खोचायला लावणाऱ्या आमच्यासारख्या घरांशी.

एसटीत नातीला पुढचंही सांगितलं. 14 जानेवारी 1994, संक्रांत. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. हे नाव देण्याच्या 1978 च्या ठरावानंतर दलित वस्त्यांमधली घरं जाळली गेली होती. त्यानंतर सोळा वर्षांनी हा दिवस आला. मी तिळगूळ घेऊन मावशींच्या घरी गेले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी चहा टाकला. फुलाफुलांचा नवा कप पुढे करताना त्यांचा हात थबकला. "चालंल का, बाई?" मला बोलता येईना. चहा तेवढा प्यायले.

नात खिडकीबाहेर बघत होती. मग वळून म्हणाली, "आजी, तू त्यांना सॉरी म्हणालीस?"

नाही म्हणाले. मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली.