कथेवरून शेवटचा हात फिरवताना

अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर हार-फुलं विकणाऱ्या बाईवर मी एक कथा लिहिली होती. सासूशी ती कानडीत बोलते, मुंबई-पुण्याच्या भक्तांशी पुस्तकी मराठीत आणि पोटच्या पोराशी आमच्या सोलापुरी मराठीत. गुरुवारच्या गर्दीत या तीन बोलण्यांतून तिची ओढाताण दिसावी, एवढ्यावरच कथा उभी होती. एका दिवाळी अंकानं ती छापली. अंक उघडला आणि पोटात गोळा आला. "काय करलालास हितं? जा की. पावणे थांबलेत," हे तिचं वाक्य "काय करतो आहेस इथे? जा ना. पाहुणे थांबले आहेत," असं छापलं होतं. सासूचं "ऊटा आयता?" जाऊन तिथं "जेवलीस का?" आलं होतं. भक्ताशी बोलावं तशीच ती पोराशी बोलत होती. कथेत मग घडत काहीच नव्हतं.

अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी या पट्ट्यात राहून जे लिहितात, त्यांना म्हणून कळकळीनं सांगतो: हस्तलिखित पाठवण्याआधी बोलीचा निर्णय स्वतः घ्या आणि शेवटपर्यंत पाळा. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) निवेदन प्रमाण मराठीत आहे, माणसं मात्र माणदेशी बोलतात. आनंद यादवांनी 'गोतावळा'त (1971) निवेदनच बोलीत केलं. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण तिसऱ्या पानावर 'करलालास' म्हणणारी बाई सातव्या पानावर 'करतोस' म्हणाली, तर मुद्रितशोधकाला पहिलीही चूकच वाटणार. प्रत्येक पात्राचे संवाद तेवढे वेगळे काढून सलग मोठ्यानं वाचा. परकी लकब कानाला लगेच खटकते, डोळ्याला खटकत नाही. बोलीतले शब्द पेरायच्या मोहात मात्र पडू नका. ओळीत एखादा पुरतो. पानभर ठासले की बाई राहते बाजूला, वाचक अर्थच लावत बसतो.

कात्री चालवायची ती निवेदनावर. 'ती वैतागून म्हणाली' असं लिहिलं असेल, तर आधी संवाद पुन्हा वाचून बघा. वैताग तिथं आहे का? असेल तर हे तीन शब्द जाऊ द्या. नसेल तर संवाद कच्चा आहे, आणि क्रियाविशेषणानं तो पिकत नाही. माझ्या कथेत त्या जागी बाई भिजवलेल्या फडक्याखालचा शेवंतीचा हार काढते, कोमेजलेलं टोक आत वळवते आणि तोच हार गिऱ्हाइकापुढं धरते. तिच्या मनःस्थितीवर लिहिलेला अख्खा परिच्छेद मी त्यापायी काढला. लिहिताना तो मला फार आवडला होता.

तपशीलही तपासा. अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. गाडीतून उतरलेलं पात्र पाच मिनिटांत मंदिरात पोचलं, तर इथला वाचक पुस्तक मिटतो. इथलं अन्नछत्र मंडळ 1988 साली सुरू झालं, त्यामुळे 1980 च्या गोष्टीतला भक्त तिथं जेवायला बसू शकत नाही.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या 'सत्यकथे'कडून लेखकाला सूचनांसह कथा परत यायची, आणि पुन्हा लिहायची ती लेखकानंच. 1982 साली ते मासिक बंद पडलं. आज तसा संपादक भेटला तर त्याचे पाय धरावेत. पण बहुतेकांना तो भेटत नाही, म्हणून ते काम आपल्यालाच करावं लागतं.

आता मी कथेसोबत एक चिठ्ठी जोडतो: कोणतं पात्र कोणत्या बोलीत बोलतं, कोणते शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत आणि कानडी वाक्यांचा अर्थ काय. अर्थ संपादकासाठी असतो, छापण्यासाठी नाही. शेवटची मुद्रितं बघायला मिळावीत, हेही त्याच चिठ्ठीत लिहितो. दिवाळीच्या तोंडावर छापखान्यात घाई असते, मग मागून काही मिळत नाही.