एका फ्लायबॅकवर दोन आउटपुट: फीडबॅकला खर्च किती?

समजा, कंट्रोल बोर्डावर मायक्रोकंट्रोलरला 5 व्होल्ट हवेत आणि रिलेंना 12, दोन्ही एकाच फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवरून. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदार विचारतो, "आयसी कुठली देऊ?" त्याआधी आपण ठरवायचं, कुठलं आउटपुट किती हललं तर चालेल. कंट्रोलरच्या हातात ड्यूटी सायकल एकच. तो ज्या आउटपुटवर नजर ठेवतो ते जागेवर राहतं, बाकीची त्यामागे फरफटत जातात.

यूसी3842 घेतली तर ती 15 ते 30 रुपयांना पडते आणि पुढच्या सगळ्या पर्यायांत चालते. फरक पडतो तो भोवतालच्या खर्चात. भाव सुट्या खरेदीचे, अंदाजे.

1. ऑक्झिलरी वाइंडिंगवरून फीडबॅक (जवळपास फुकट). ऑप्टोकपलर लागत नाही. पण लोड बदलला की आउटपुट पाच-दहा टक्के सहज हलतं. नुसत्या रिले असतील तर पुरे.

2. 5 व्होल्टवर टीएल431 आणि पीसी817 (10 ते 20 रुपये). 5 व्होल्ट चोख राहतात, 12 मात्र भटकतात. 5 वर पूर्ण लोड द्या, रिले सगळ्या बंद करा आणि मीटर लावा: 14-15 व्होल्टही दिसतील. लीकेज इंडक्टन्सचा स्पाइक बिनलोडाच्या कपॅसिटरला शिखरापर्यंत भरत राहतो. 12 वर 1 किलोओहमचा अर्धा वॉटचा ब्लीडर लावला तर चढ बराच आवरतो.

3. वाटून घेतलेला फीडबॅक (वर आणखी एक रेझिस्टर). टीएल431 च्या रेफरन्स पिनवर 2.495 व्होल्ट असतात. तिथून ग्राउंडला 2.49 किलोओहम लावला की 1 मिलिअँपिअर वाहतो. त्यातला 70 टक्के 5 व्होल्टवरून (3.57 किलोओहम) आणि 30 टक्के 12 वरून (31.6 किलोओहम) घ्या. 5 ची थोडी अचूकता जाते, 12 ची ओढाताण कमी होते. बहुतेक बोर्डांना हाच सौदा परवडतो.

4. 12 वर 7812 (10 ते 15 रुपये, शिवाय हीटसिंक). वाइंडिंग 15 व्होल्टचं ठेवावं लागतं. अर्ध्या अँपिअरला 1.5 वॉट उष्णतेत जातात. चोवीस तास चाललं तर वर्षाला 13 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तर शंभरावर रुपये. स्वस्त पडला तो भाग वीजबिलात महाग पडतो.

5. फीडबॅक 12 वर, 5 साठी एलएम2596 चं बक मॉड्यूल (50 ते 80 रुपये). दोन्ही आउटपुट चोख, आणि ट्रान्सफॉर्मरला सेकंडरी एकच. एक-दोन नगच करायचे असतील तर हाच मार्ग सोपा.

खरेदीआधी नमुना बोर्डावर चार मापं घ्या: दोन्हीकडे पूर्ण लोड, दोन्हीकडे किमान, मग एकीकडे पूर्ण-दुसरीकडे किमान, आणि उलट. दोन्ही आउटपुट चारही वेळा मर्यादेत असतील तर त्याहून महाग पर्याय घ्यायचं कारण नाही.

काटकसर ऑप्टोत मात्र नको. 230 व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर 325 व्होल्ट डीसी होतात. फीडबॅकच्या वाटेवर ते आणि आपलं बोट यांच्यात तो चार पायांचा काळा तुकडाच असतो. तो खात्रीच्या दुकानातूनच घ्या.