सुरतेची साथ आणि रुग्णशय्येजवळची दक्षता

सन १९९४ च्या सप्टेंबर महिन्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली. वेड रोड भागातील श्रमिक वस्तीला तिची झळ विशेष पोहोचली. काही लाख लोकांनी शहर सोडले. त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबेही होती. अनेक खासगी दवाखाने बंद झाले. शासकीय रुग्णालयातील परिचारिका मात्र रुग्णांजवळ राहिल्या. देशभरात ८७६ संशयित रुग्ण व ५४ मृत्यू, अशी नोंद जागतिक आरोग्य संघटनेने केली.

त्यापूर्वी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आढळलेला प्लेग गाठींचा होता. तो उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. फुप्फुसाचा प्लेग मात्र रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांवाटे थेट दुसऱ्याच्या श्वासात जातो. म्हणूनच सर्वांत मोठा धोका असतो तो शुश्रूषा करणाऱ्यास. पुण्यात प्लेगपीडितांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी या रोगावर प्रभावी औषध नव्हते. आज ते आहे. पण लक्षणे दिसताच २४ तासांच्या आत ते सुरू व्हावयास हवे.

औषध सुरू झाल्यावरही निदान ४८ तास रुग्णास स्वतंत्र खोलीत ठेवणे आवश्यक असते. या अवधीत रुग्णाच्या व परिचारिकेच्या, दोघांच्याही तोंडावर मुखपट्टी असावी. परिचारिकेने हातमोजे, अंगरखा व डोळ्यांसाठी चष्मा वापरावा. ओली झालेली मुखपट्टी त्वरित बदलावी. थुंकी झाकणाच्या भांड्यात घेऊन तीवर जंतुनाशक घालावे.

खरी चूक होते ती काम संपल्यावर. थकलेली व्यक्ती प्रथम मुखपट्टीच ओढून काढते, आणि तीही मळलेल्या मोज्यांनी! मोजे आधी उतरवावेत, हात साबणाने धुवावेत, मग अंगरखा काढावा. मुखपट्टी सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, केवळ बंद धरून सोडवावी व पुन्हा हात धुवावेत.

घरातील जी माणसे मुखपट्टीवाचून रुग्णाच्या सहा फुटांच्या आत वावरली असतील, त्यांनी गाव सोडून जाऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून डॉक्टरांच्या सल्ल्याने सात दिवस प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात आणि त्या काळात रोज ताप पाहावा.