गोळी न घेताही… : जंतू औषधाला दाद का देत नाहीत?



'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका' हे आपण मुलांना सांगतो. सांगायलाच हवं. पण धडा इथेच थांबला तर अर्धाच राहतो. औषधाला दाद न देणारे जिवाणू फक्त रुग्णाच्या शरीरात नाही, तर नाल्यात, तळ्यात आणि शेतातही वाढतात.

प्रतिरोध म्हणजे काय?
लाखो जिवाणूंमध्ये एखादा जनुकातील बदलामुळे औषधाला पुरून उरतो. बाकीचे मेले की त्याला रान मोकळं! शिवाय परीक्षेत चिठ्ठी सरकवावी तसं ते जनुक तो दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो.

पाण्या-मातीत औषध येतं कुठून?

१) कारखाने : हैदराबादजवळच्या पटनचेरूत सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात शुद्ध केलं जाई. स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या 'शुद्ध' पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं.

२) मैलापाणी : कित्येक औषधांचा बराच भाग लघवी-शौचावाटे तसाच बाहेर पडतो. विकसनशील देशांत पुष्कळ मैलापाणी प्रक्रियेविनाच नदीला मिळतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील पाहणीत साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ हे प्रतिरोधाचं जनुक आढळलं.

३) पशुपालन : कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळतात; ते विष्ठेच्या खतातून शेतात उतरतं. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनचा असा वापर भारताने २०१९ मध्ये बंद केला.

मग आपल्याला काय?
ज्या लेकराने कधी अशी गोळी घेतली नाही, त्याच्याही पोटात असा जिवाणू पाण्यावाटे जाऊ शकतो. २०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट या प्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज आहे.

घरी आणि वर्गात
उरलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नका. हात धुणं, पाणी उकळणं, लस घेणं यांनी आजार टळतात, म्हणजे औषधही कमी लागतं. पण सांडपाण्याचा प्रश्न घरात सुटणारा नाही. म्हणून मुलांना एक प्रकल्प द्या : 'आपल्या गावचं सांडपाणी शेवटी कुठे जातं?' उत्तर शोधत ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत पोचली, की धडा पुरा झाला समजा.